आधारगृहातले दोन शिकाऊ

फाटकावर बसणाऱ्या माणसाला कोणी मुद्दाम काही सांगत नाही. तरी सगळ्यात जास्त गोष्टी त्याच्याकडेच साचतात. आत येणारा घाईत असतो, बाहेर जाणारा रडत असतो, आणि दोघांच्या तोंडून जे काही सांडतं ते फाटकापाशी पडून राहतं. भंडाऱ्याच्या महिला आधारगृहाच्या फाटकावर मी सोळा वर्षं बसलो. आता संध्याकाळी आमच्या गल्लीतली म्हातारी मंडळी ओट्यावर जमली की म्हणतात, "डोमाजी, सांग न एखादा किस्सा." मी सांगतो. ते हसतात. मग एकजण तंबाखू थुंकायला उठतो, दुसऱ्याला घरचं काम आठवतं, आणि बघता बघता ओटा रिकामा होतो. माझ्याजवळचे किस्से असेच आहेत. त्याला माझा इलाज नाही.

सोळा वर्षांचं सगळं सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांचं सांगतो. तेव्हा मी शिकाऊ होतो.

*

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. त्याआधी मी पितळेच्या भांड्यांना झिलई करायचो. त्या धुळीनं खोकला धरला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. शिक्षण माझं चौथीपर्यंत. कोणीतरी सांगितलं की आधारगृहाला चौकीदार पाहिजे. नवऱ्यानं मारून हाकललेल्या, नाहीतर मार खाऊन पळून आलेल्या बाया तिथं राहत. मी गेलो. अधीक्षिका बाई म्हणाल्या, "तीन महिने शिकाऊ म्हणून राहा. इथं कसं चालतं ते बघा. जमलं तर कायम करू."

त्याच सकाळी नागपूरहून कुंदा नावाची मुलगी आली. समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होती. तिलाही तीन महिने इथं राहून सगळं बघायचं होतं आणि वहीत लिहायचं होतं. बाईंनी आम्हा दोघांना शेजारी उभं केलं. "चला, एकाच दिवशी दोन शिकाऊ," असं म्हणून त्यांनी कुंदाच्या हातात रजिस्टर दिलं आणि माझ्या हातात काठी.

मी फाटकाबाहेर स्टूल टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. कोणाचा नवरा आला तर त्याला अडवायचं, एवढं मला न सांगता समजत होतं.

तासाभरानं बाई आल्या. म्हणाल्या, "डोमाजी, स्टूल आत घ्या. आणि तोंड इकडं करा."

"इकडं त बायाच हायेत, बाई."

"त्यांच्यावरच लक्ष ठेवायचं आहे. नवरे विचारून आत येतात. पळून जातात त्या ह्या."

नियमच तसा होता. आसऱ्याला आलेली बाई एकटी आत येऊ शकत होती, एकटी बाहेर जाऊ शकत नव्हती. नवरा, बाप किंवा भाऊ, यांच्यापैकी कोणी येऊन सही केली तरच तिला सोडायचं. तीन महिन्यांत माहेरचं कोणी आलं नाही, तर नवऱ्याला समितीपुढे बोलावून समझोता करायचा आणि तिला त्याच्याबरोबर लावून द्यायचं.

मी स्टूल फिरवलं. सोळा वर्षं ते तसंच राहिलं.

*

त्याच दिवशी दुपारच्या आधी तिसरी नवी आली. तिचं नाव रुक्मा. सायकलरिक्षातून उतरली ती उजवा हात डाव्या हातात धरून, तान्हं मूल धरावं तसा. ढिवरांची मुलगी. भाऊ वैनगंगेच्या पल्याडच्या एका गावात तलावात मासे धरायचा. नवरा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, राहायला तिथल्याच वसाहतीत. वय असेल बावीस-तेवीस.

कुंदानं रजिस्टर उघडलं. नाव, गाव, वय झालं. शेवटी तिनं विचारलं, "तुला काय हवं आहे?"

"मले वापस नका धाडू," रुक्मा म्हणाली. "बस, एवढंच. भावाकडे राहीन, बिड्या बांधीन, माया पोट मी भरीन. पन तिकडं नका धाडू."

बाई म्हणाल्या, "भावानं येऊन सही केली की तू मोकळी."

हाताला प्लास्टर घालून तिला आणलं, तोवर चार वाजले. तेवढ्यात सकाळचाच रिक्षावाला पुन्हा फाटकाशी आला. मागे एक हडकुळा माणूस बसला होता. नखं काळीभोर, खाणीतल्या धुळीची. तो रुक्माचा नवरा सुखदेव. समझोत्याची तारीख कळवू, तेव्हाच या, असं सांगायला बाईंनी त्याला ऑफिसात बसवलं. मी रिक्षावाल्याला बाजूला घेतलं.

"काबे, तिले सकारी तूच आनलं न? मंग ह्याले काहून आनलं?"

तो गळ्यातल्या दुपट्ट्यानं घाम पुसत म्हणाला, "मी काय करू काका? बसस्टँडवर हा मले म्हने, हात मोडलेली बाई जिथं सोडली तिथंच मलेबी सोड. सवारीले नाही कसं म्हनू?"

त्यानं ऑफिसकडे मान लांबवून पाहिलं आणि हळूच विचारलं, "वापसी दोघायची हाये का? हाये त थांबतो."

*

रजिस्टरात एक रकाना होता, 'मारहाणीचे कारण'. तो रिकामा ठेवून चालत नसे. तपासणीला आलेले साहेब आधी तोच बघत.

दुसऱ्या दिवशी कुंदानं रुक्माला विचारलं, "कारण काय होतं?"

"कायचं?"

"मारण्याचं."

रुक्मा म्हणाली, "ते त्याले इचारा न ताई. मी त फक्त मार खाल्ला."

आधीच्या लोकांनी काय लिहिलंय ते बघायला कुंदानं मागची पानं उलटली. फाटकापाशी बसून ती मोठ्यानं वाचू लागली. भाजीत मीठ कमी. भाजीत मीठ जास्त. भात कच्चा. उलट उत्तर दिले. विचारले तरी उत्तर दिले नाही. माहेरी जायचे म्हणाली. माहेरी जात नाही म्हणाली. वाचता वाचता ती थांबली.

"काका, मग काय केलं म्हणजे चालतं?"

तिनं पुढचं पान उलटलं. तिथंही भाजीच होती.

दुपारी जेवायला बसलो तर वरणाला मीठ नाही. वांग्याच्या भाजीलाही नाही. पंगतीच्या मधोमध एका वाटीत मीठ ठेवलं होतं. स्वयंपाक पारबताबाई करायची. ती स्वतः कधीकाळी अशीच आली होती. तिला न्यायला कोणीच आलं नाही, नवरासुद्धा नाही, म्हणून चुलीपाशी राहून गेली.

मी म्हटलं, "पारबताबाई, मीठ टाकाचं राह्यलं वाटते."

"राह्यलं नाही," ती म्हणाली. "मी टाकतच नाही. ज्याले जेवढा पायजे त्यानं तेवढा घ्या. मंग मले कोनी काही म्हनू नोका."

कुंदानं त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. जेवताना मात्र तिनं मिठाच्या वाटीला हात लावला नाही. तसंच अळणी जेवली.

*

आधारगृहाच्या मागच्या गल्लीत पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, ठोकायचे. सकाळी आठला ठणठण सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. राहणाऱ्यांना सवय झाली होती.

एकदा नागपूरहून तपासणीचे साहेब आले. पाच मिनिटांत त्यांनी कानावर हात ठेवले. बायांना ओळीनं उभं केलं होतं. साहेब म्हणाले, "अरे, एवढ्या आवाजात तुम्ही राहता तरी कशा? कोणी तक्रार कशी करत नाही?"

मग ओळीच्या टोकाहून रुक्मा म्हणाली, "साहेब, तो गुंडाले मारून राहिला. गुंडाचा आवाज येते, म्हनून तुमी इचारून राहिले."

साहेबांना वाटलं ही पाण्याच्या गुंडाबद्दल काही मागते आहे. ते बाईंना म्हणाले, "यांना गुंड कमी पडत असतील तर तसा प्रस्ताव पाठवा."

बाईंना मात्र समजलं होतं. त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

*

नवऱ्याबरोबर परत गेलेल्या बाईच्या नावापुढे रजिस्टरात 'पुनर्वसन' असं लिहायचे. बाया आपसात त्याला 'नांदायले गेली' म्हणायच्या. सरकारी शब्द त्यांना ठाऊक नव्हता. पण वैनगंगेवर गोसीखुर्दला मोठं धरण व्हायची बोलणी तेव्हा सुरू होती. त्या बाजूच्या गावांत मोजणीची माणसं येऊन गेली होती, आणि त्या गावांनी हा शब्द पाठ केला होता.

तिकडचीच एक अनसूयाबाई होती. नातवंडं झालेली, केस पिकलेले. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं पाठ फोडली होती. तिचा समझोता झाला. बाई तिला गोड आवाजात म्हणाल्या, "अनसूयाबाई, आनंदाची गोष्ट. तुमचं पुनर्वसन झालं."

अनसूयाबाई मटकन खाली बसली. "कवा?"

"आजच."

"पन बाई, मोजनीवाले त आताच येऊन गेले. धरन त बांधलंच नाही अजून. बुडाला का आमचा गाव?"

"गाव नाही हो. तुम्हाला घरी पाठवतोय. तुमच्या मालकांकडे."

अनसूयाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सावकाश विचारलं, "म्हंजे गाव तिथंच हाये?"

"हो."

"घर तिथंच हाये? तोबी तिथंच हाये?"

"हो ना."

"मंग पुनर्वसन कोनाचा झाला?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. खाटा थोड्या होत्या, आणि एक खाट रिकामी झाल्याशिवाय फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाईला आत घेता येत नव्हतं. ते सांगायची लाज त्यांना वाटायची, म्हणून तो शब्द वापरायच्या. अनसूयाबाई गेली त्याच दुपारी तिच्या खाटेवर दुसरी आली. चादर बदलायलाही वेळ झाला नाही.

*

कुंदाच्या वहीत काही प्रश्न इथं काम करणाऱ्यांसाठीही होते. एके दिवशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. वही मागे लपवली होती.

"काका, एक विचारू? तुम्ही काकूंवर कधी हात उचलला का?"

मी बोलायला मुळातच हळू. त्यात हा प्रश्न. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. पोर शहाणी, तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती फाटकातून जाताना मी म्हणालो, "दोनदा."

तिनं लिहून घेतलं.

घरी आलो तेव्हा आमची सखू सुपात तांदूळ पाखडत होती. मला राहवलं नाही. तिला सगळं सांगितलं. ऐकताना तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "दोनदा नाही. तीनदा."

"तिसऱ्यांदा कवा?"

"आंगनात. तुमच्या बहिनीच्या लग्नाच्या साली. लोटा फेकला होता तुमी."

"अवो, तो मारला नव्हता. फेकला होता."

"मले लागला," सखू म्हणाली, आणि तांदळातले खडे वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कुंदाला म्हटलं, "ताई, कालचं चुकलं. घरची म्हनते तीनदा."

तिनं वही काढली. माझ्यासमोरच दोनच्या आकड्यापुढे लिहिलं, 'काकूंच्या मते तीन.'

मी म्हटलं, "मत नका लिवू. तीन लिवा."

*

रुक्माच्या भावाला कुंदानं तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. दोन महिने झाले, प्लास्टर निघालं. आता एकच महिना उरला होता. पोस्टमन दिसला की रुक्मा फाटकाशी यायची, काही विचारायची नाही, त्याच्या पिशवीकडे बघून परत जायची.

शेवटी एका रविवारी मीच एसटीनं तिच्या गावी गेलो. भाऊ नीलकंठ तलावाच्या पाळीवर जाळं शिवत बसला होता. मी कुठून आलो ते सांगितलं तसा तो लगेच उठला, पायावर पाणी घातलं, चहा मागवला. माणूस चांगला. मी म्हटलं, "एक सही पायजे भाऊ. बाकी ती तिचं पाहून घेईल."

तो बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. मग म्हणाला, "काका, तुमाले सांगतलं नसंल तिनं. आमची लहान बहीन त्याच घरात देल्ली हाये. सुखदेवच्या भावाले. हिले आनली का तिले हाकलतेत. दोघी आल्या त मी काय करू? आन् हिले नाही आनली, त ती तरी नांदते."

"ती बरी नांदून राहिली का?"

"मी इचारलं नाही," तो म्हणाला. "इचारलं त मंग जा लागते."

निघताना त्यानं शेजारच्या बोडीतल्या, म्हणजे छोट्या तळ्यातल्या, मासोऱ्या पळसाच्या पानांत बांधून दिल्या. अगदी ताज्या, काहींचे कल्ले अजून हलत होते. "रुक्मीले द्या. बोडीतली लहान मासोरी तिले बहू आवडते."

परतीच्या बसमध्ये तो पुडा मांडीवर घेऊन मी काय सांगायचं ते जुळवत आलो. एक वाक्य जुळलं नाही. रुक्मा फाटकापाशीच होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पुड्याकडे पाहिलं.

"मासोऱ्या धाडल्या?"

"हो."

"मंग तो येत नाही."

तिनं पुडा सोडला, एकेक मासोरी उलटून पाहिली आणि म्हणाली, "ताज्या हायेत." मग स्वतः चिरल्या, स्वतः रांधल्या, सगळ्यांना वाढल्या. कुंदा नागपूरची, तिला बारीक काट्यांची सवय नव्हती. रुक्मा तिच्याजवळ बसून काटे काढून देत होती.

*

रुक्माच्या हाताच्या बोटांना काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुंदा म्हणाली, मग लिहायलाच शिकवते. पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं. कपाटात मात्र कबुलीच्या कागदांचा गठ्ठा होता. समझोत्याच्या दिवशी नवऱ्याकडून लिहून घ्यायचे ते. सायक्लोस्टाइलवर काढताना शाई फुटून वाया गेलेले. त्यावर एकच ओळ होती: मी यापुढे मारहाण करणार नाही. खाली अंगठ्यासाठी जागा.

त्या ओळीवरून रुक्मा गिरवायला लागली. माझ्या स्टुलाशेजारी फरशीवर बसायची. एका 'मी'ला दोन दिवस लागले. 'मारहाण'पाशी तर अडूनच बसली.

"ताई, एक न हाये न आपल्याजवळ. हा दुसरा कायले पायजे?"

"तो ण आहे. शुद्ध लिहायचं तर तो लागतो."

"मारहान लिवलं त कमी लागते का?"

कुंदा हसली, मग खूप वेळ हसलीच नाही. पण ण शिकवला.

महिना संपेपर्यंत रुक्माला तेवढी एक ओळ आणि स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं. दुसरं काही शिकवायला वेळ उरला नाही.

समझोत्याच्या दिवशी समितीचे तीन गृहस्थ आले. मधले अध्यक्ष. सुखदेव धुतलेला शर्ट घालून हात जोडून उभा. रुक्माला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले नाही जाचं."

अध्यक्ष म्हणाले, "मग कुठं जाशील, बाई? भाऊ नेत नाही. आम्ही तरी किती दिवस ठेवायचं?"

रुक्मानं दाराकडे पाहिलं.

मी दाराशी उभा होतो. दोन दिवसांपासून माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. नियमात भाऊ म्हटलं आहे, सख्खा म्हटलेलं नाही. मी सही करतो, भाऊ म्हणून. आमच्या घरी एक खोली आहे, सखूला मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आना." एवढंच सांगायचं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. "बाई, मी..." म्हणालो. पुढचा शब्द तोंडात यायला मला नेहमीच वेळ लागतो. तेवढ्यात अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"काय डोमाजी, पाणी?" बाई म्हणाल्या. "हो, आणा. साहेबांना आणा."

मी पाणी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा कबुलीचा कागद सुखदेवपुढे ठेवला होता. अध्यक्ष म्हणाले, "आधी मोठ्यानं वाच, मग अंगठा लाव."

"मले वाचता नाही येत, साहेब."

"मग कोणीतरी वाचून दाखवा."

रुक्मा पुढे आली. तिनं कागद हातात घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. सुखदेवकडेही नाही. एका दमात म्हणाली, "मी यापुढे मारहाण करणार नाही."

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "तीन महिन्यांत वाचायलासुद्धा शिकली. बघा, संस्थेचं काम म्हणतात ते हे."

सुखदेवनं अंगठा लावला. मी ट्रे धरून उभा होतो. एका गृहस्थानं पाणी घेतलं, दोघांनी नको म्हटलं. फाटकही मीच उघडलं.

*

दोन दिवसांनी कुंदाचे तीन महिने संपले, ती नागपूरला गेली. जाताना वाकून पाया पडली. मी तिला आशीर्वादाचं काही बोलेपर्यंत रिक्षा कोपऱ्यावर गेला होता. मला बाईंनी कायम केलं.

परत गेलेल्या प्रत्येक बाईबरोबर ऑफिस एक जवाबी कार्ड द्यायचं. आमचा पत्ता लिहिलेलं, मागची बाजू कोरी. महिन्याभरानं खुशाली कळवायची. बहुतेक कार्डं यायची ती नवऱ्याच्या नाहीतर गावच्या मास्तराच्या अक्षरात. 'सुखरूप आहे.' बाई ती फाइलला लावायच्या.

रुक्माचं कार्ड बरोबर महिन्यानं आलं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे खाली उतरलेली. मी ते ऑफिसात नेलं. बाईंनी चष्मा लावला, आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं.

"मी यापुढे मारहाण करणार नाही. रुक्मा."

त्यांनी कार्ड उलटून पाहिलं. शिक्का चिखल्याचाच होता. पुन्हा सुलटं केलं, पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग माझ्याकडे पाहिलं.

"डोमाजी, याचं काय समजायचं?"

मी कार्ड हातात घेतलं. बराच वेळ पाहत राहिलो. बाई थांबल्या, त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही.

"अक्षर चांगलं आलं हाये, बाई," मी म्हणालो.